तलाठ्याचें नवें दप्तर

तलाठ्याचें दप्तर म्हटलें कीं, ज्यांचें बालपण खेड्यांत गेलें त्यांच्या डोळ्यांपुढें कापडी रुमालांत आवळून बांधलेले गठ्ठे उभे राहतात. कोतवालानें ते गठ्ठे डोक्यावर घ्यावे, तलाठ्यानें छत्री टेकीत मागून यावें, चावडींत रुमाल सुटावे आणि वर्षानुवर्षांच्या शाईचा व जुन्या कागदांचा वास पसरावा, असा तो थाट होता. हल्लींच्या तलाठ्याचें दप्तर याहून पुष्कळ हलकें आहे. एक लॅपटॉप, आणि त्याला लावावयाची बोटभर लांबीची एक वस्तु. तिला कचेऱ्यांतून ‘डोंगल’ म्हणतात. या बोटभर वस्तूंत त्याची डिजिटल सही सांठविलेली असते. ती यंत्राला लावून गुप्त आंकडा टाकला कीं, गांवांतील शेंकडों कुटुंबांच्या हक्कांना हात लावण्याचा अधिकार उघडा होतो. दप्तराचें वजन उतरलें; तें वाहणाऱ्याच्या अंगीं जें ज्ञान लागतें त्याचें वजन मात्र वाढलें आहे. या वाढत्या ज्ञानाची तरतूद कोणीं व कशी करावयाची हा प्रश्न केवळ महसूल खात्याचा म्हणून सोडून देतां येण्यासारखा नाहीं.

कारण शहरांत राहून नोकरी-व्यवसाय करणाऱ्या कितीतरी घराण्यांचीं नांवें अद्याप कोठल्या तरी गांवच्या सात-बाऱ्यावर आहेत. आजोबांच्या नांवची दीड एकर जमीन, तिच्यावर कोणा चुलत्याची वहिवाट, आत्याचें नांव लागलें होतें कीं नव्हतें याविषयीं घरांत दोन मतें, हा विषय मुंबई-पुण्याच्या बिऱ्हाडांतून दिवाळीच्या सुटींत हमखास निघतो. त्या वादाचा निकाल ज्या कागदावरून व्हावयाचा, तो कागद लिहिणारा मनुष्य कोण आणि त्याला काय शिकविलेलें असतें, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं.

सात-बारा हें नांव दोन नमुन्यांच्या जोडीवरून पडलें. गांवच्या महसुली हिशेबाचे एकंदर २१ नमुने आहेत. त्यांपैकीं सातवा नमुना जमीन कोणाच्या हक्काची तें सांगतो, व बारावा तींत काय पिकलें तें सांगतो. त्यांच्या पाठीशीं सहावा नमुना, म्हणजे फेरफाराची वही. खरेदी, वारसा, वाटणी, गहाण, जें जें कांहीं हक्कांत बदलेल तें आधीं या वहींत उतरतें व मगच सात-बाऱ्यावर येतें. इंग्रजी अमदानींत अँडरसन नांवाच्या मुलकी अधिकाऱ्यानें ही हिशेबपद्धति एका पुस्तकांत बांधून ठेविली. ‘अँडरसन मॅन्युअल’ हें नांव महसूल खात्यांत अजून जुने लोक आदरानें, व नवखे थोड्या धास्तीनें, घेतात.

हक्कनोंदणीचा कायदा मुंबई इलाख्यांत १९०३ सालीं आला. आज लागू असलेली जमीन महसूल संहिता १९६६ ची आहे. तिच्या कलम १५७ प्रमाणें हक्कनोंदणींतील प्रमाणित नोंद ही उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते. वाक्य वाचावयास लहान आहे. पण ज्याच्या नांवाची नोंद चुकली त्याच्यावर तें असें उलटतें कीं, चूक दुसऱ्याची आणि ती सिद्ध करण्याचें ओझें याच्या शिरावर.

नोंद लिहिणाऱ्याला शिकवावें लागतें ही जाणीव आजची नव्हे. कुलकर्ण्याच्या घरीं ही विद्या बापाकडून मुलाकडे, मोडी लिपीसह, वतनाबरोबरच जाई; बाहेरच्यास तींत प्रवेश नसे. १९१८ सालीं शाहू छत्रपतींनीं कोल्हापूर संस्थानांत कुलकर्णी वतनें बंद करून पगारी तलाठी नेमले, तेव्हां घरांत कोंडलेली ही विद्या बाहेर काढून इतर जातींच्या तरुणांना शिकविणें भाग पडलें. मुंबई राज्यांत कुलकर्णी वतनें गेलीं तीं १९५० च्या अधिनियमानें. वतन गेलें, पगारी नोकर आला; परंतु शिकण्याची रीत पुष्कळ अंशीं तीच राहिली : जुन्या तलाठ्याजवळ बसावें, त्याच्या हाताखालीं फेरफार लिहावे, चुकल्यास बोलणीं खावीं. ही उमेदवारी सावकाश चाले आणि तींत जुन्या खोडीहि नव्याच्या अंगीं उतरत, हें खरें. तथापि प्रत्येक खूण कां करावयाची हें शिकणाऱ्याला करतां करतां कळे, हा तिचा गुणहि तितकाच खरा.

यानंतर यंत्र आलें. केंद्र सरकारनें भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाची योजना १९८८-८९ सालीं सुरू केली. २००८ सालीं तिच्या जागीं अधिक व्यापक असा राष्ट्रीय कार्यक्रम आला. महाराष्ट्रांत या कामाचा पसारा केवढा म्हणाल, तर सुमारें ४४ हजार गांवें आणि अडीच कोटींच्या घरांत सात-बारे. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सात-बारा घरबसल्या मिळूं लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतांतील पिकाची नोंद शेतकऱ्यानें स्वतःच आपल्या मोबाईलवरून, बांधावर उभें राहून छायाचित्रासह करावी अशी व्यवस्था राज्यभर झाली. दुय्यम निबंधकाच्या कचेरींत खरेदीखत नोंदलें गेलें कीं त्याची खबर तलाठ्याच्या यंत्रांत आपोआप येऊन पडते. हा सर्व बदल स्वागतार्ह आहे. एका उताऱ्यासाठीं ज्यानें कधीं काळीं चार खेपा घातल्या आहेत, तो मनुष्य त्याविरुद्ध बोलावयाचा नाहीं.

परंतु जुन्या वह्यांवरून यंत्रांत नोंदी उतरवितांना काय घडलें तें पाहण्यासारखें आहे. कारण गांवकामगारांना नेमकें काय शिकवावयास हवें याचें उत्तर तेथेंच सांपडतें.

हस्तलिखित सात-बाऱ्यावर जुन्या मालकाचें नांव खोडून टाकीत नसत. त्याला कंस करीत, व नव्या नांवाजवळ फेरफाराचा क्रमांक वर्तुळांत लिहीत. जाणत्याला कंस दिसला कीं तो समजे, या माणसाचा हक्क संपला. पण नक्कल उतरविणाऱ्या नवख्याला ही केवळ विरामचिन्हांपैकीं एक खूण वाटली तर काय व्हावें ? मेलेला मनुष्य यंत्रांत पुन्हां जमिनीचा मालक होतो, आणि जिवंत मालकाला कर्जासाठीं बँकेच्या दारांत आपल्या आजोबांचा मृत्यु सिद्ध करीत बसावें लागतें.

कित्येक नांवांपुढें ‘ए.कु.मॅ.’ अशीं अक्षरें असत. त्यांचा अर्थ एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. जमीन सर्व भावांची, नांव तेवढें थोरल्याचें. दुसरीं अक्षरें ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता. बाप वारलेल्या पोराची जमीन, त्याच्या वतीनें काका किंवा आई सांभाळते आहे, एवढाच त्या तीन अक्षरांचा भावार्थ. पण तीं गाळलीं कीं सांभाळणारा मालक ठरतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वीं कोणा दूरदर्शी तलाठ्यानें धाकट्या भावांचा वा अज्ञान मुलाचा हक्क ज्या अक्षरांत राखून ठेविला होता, तीं अक्षरें निरर्थक समजून सोडून देण्यास अर्धें मिनिटहि लागत नाहीं. त्याचा परिणाम मात्र दोन पिढ्या दिवाणी कोर्टांत जाऊन बसतात.

क्षेत्राच्या आंकड्यांचीहि अशीच गोष्ट. जुनें माप एकर-गुंठ्यांचें. ४० गुंठ्यांचा एकर. नवें माप हेक्टर-आरांचें. १०० आरांचा हेक्टर. आतां जुन्या कागदावर ‘२-२०’ असें लिहिलें आहे. हे दोन एकर वीस गुंठे असतील तर एकंदर १०० गुंठे झाले, म्हणजे हेक्टरांत मोजतां सुमारें १ हेक्टर १ आर. तेच आंकडे कोणी न बदलतां हेक्टरांच्या रकान्यांत ‘२.२०’ म्हणून उतरविले तर जमीन जवळजवळ साडेपांच एकर होते. कागदावर जमीन वाढली म्हणून शेतकरी सुखावणार नाहीं. कारण ती वाढ शेजाऱ्याच्या बांधापलीकडील असते, आणि शेजारी जागा असतो. शिवाय एकाच गांवांत एकाच नांवाचे दोघे असतात, त्यांचीं खातीं एक होतात. पोटखराब्याचें क्षेत्र लागवडींत मिसळतें. कुळाचें नांव इतर हक्कांच्या रकान्यांतून नाहींसें होतें. अशा गल्लतींची यादी लांब आहे.

या सर्व चुकांत एक साम्य आहे. ज्याला टंकलेखन उत्तम येतें पण सात-बारा वाचतां येत नाहीं, अशा माणसाच्या हातून त्या होतात. ज्याला सात-बारा वाचतां येतो, तो एका बोटानें अक्षरें शोधीत टंकलेखन करणारा असला तरी त्याच्या हातून त्या सहसा होत नाहींत.

चुका निस्तरण्यासाठीं २०१७ सालीं राज्यांत ‘चावडी वाचन’ करण्यांत आलें. संगणकांतील सात-बारे छापून गांवांत मोठ्यानें वाचावयाचे, हरकती घ्यावयाच्या, मूळ हस्तलिखिताशीं ताडून दुरुस्त्या करावयाच्या, अशी ती योजना होती. नव्या यंत्राच्या मदतीला असा अगदीं जुन्या काळचा उपाय धांवून आला. त्या काळांत सर्व्हर दिवसां इतके मंद चालत कीं, कित्येक तलाठ्यांनीं हें काम रात्रीं जागून केलें, हेंहि त्यांच्या पदरीं टाकलें पाहिजे. तरीसुद्धां सर्व चुका निघाल्या असें नाहीं. शहरांत गेलेला खातेदार वाचनाला हजर नसतो. बाईचें नांव गळलें तर तिच्या वतीनें हात वर करणारा पुष्कळदां तेथें कोणी नसतो. मागें राहिलेला लेखनप्रमाद आतां कलम १५५ अन्वयें अर्ज करून, तहसीलदाराचा आदेश घेऊन दुरुस्त करावा लागतो. जी चूक अज्ञानामुळें एका क्षणांत झाली, ती सुधारण्यास महिने जातात.

आतां प्रश्न शिक्षणाचा. २०२३ सालीं तलाठ्यांच्या ४,६४४ जागांसाठीं परीक्षा झाली, तेव्हां अर्जदारांची संख्या दहा लाखांच्या वर गेली होती. पदवीधर तरुण, त्यांतले पुष्कळसे वर्षानुवर्षें अभ्यासिकांत बसलेले. तेव्हां या खात्याला हुशारीचा तोटा नाहीं. परीक्षेचे विषय मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमापन. संगणकाचें प्रमाणपत्रहि लागतें. म्हणजे येणारा उमेदवार यंत्राला भिणारा नसतो. तो लहानपणापासून मोबाईल हाताळीत आलेला असतो, आणि पडद्यावरील कोठला चौकोन दाबावयाचा हें त्याला तासाभरांत समजतें. असें असतां प्रशिक्षणाच्या नांवाखालीं त्याला पुन्हां तेंच शिकवावें, नवी आज्ञावली आली कीं तालुक्याला बोलावून भिंतीवर पडदा दाखवावा आणि उरलेलें व्हॉट्सॲपवरच्या सूचनांवर सोपवावें, यांत कोणाचा लाभ आहे तें कळत नाहीं. पडदा वर्षा-दोन वर्षांनीं बदलतो. त्याबरोबर तें शिक्षणहि शिळें होतें.

नोकरींत आल्यावर त्याला खात्याची परीक्षा द्यावी लागते व तींत महसुलाचे कायदे असतात, हें खरें. २०२० सालीं केंद्र सरकारनें ‘मिशन कर्मयोगी’ या नांवानें सरकारी नोकरांच्या शिक्षणाची मोठी योजना मंजूर केली. तिचे पाठ मोबाईलवरहि पाहतां येतात. पुण्याची ‘यशदा’ ही प्रबोधिनी आहेच. साधनें नाहींत असें म्हणतां येणार नाहीं. पण कलम १५० पाठ असणें निराळें, आणि चिखलानें भरलेले पाय घेऊन समोर उभ्या असलेल्या माणसाच्या हातांतील चार पिवळ्या कागदांवरून त्याचा हक्क कोठें बुडाला हें ओळखतां येणें निराळें. दुसरें कौशल्य मोबाईलवरच्या पाठानें येत नाहीं.

यंत्रानें घडविलेला आणखी एक फरक येथें ध्यानीं घेतला पाहिजे. हाताच्या वह्यांच्या काळीं फेरफार प्रमाणित झाल्यावर त्याचा सात-बाऱ्यावर ‘अंमल’ देणें हें निराळें काम असे. तलाठी पुन्हां वही उघडी, जुनें नांव शोधी, कंस करी, नवें लिही. या मधल्या वेळांत त्याची नजर दोनदां त्याच जमिनीवरून फिरे, व कधीं कधीं चूक ध्यानांत येई. आतां मंडळ अधिकाऱ्यानें नोंद प्रमाणित केली कीं सात-बारा तेथल्या तेथें बदलतो. विलंब गेला हें उत्तम झालें. पण विलंबाच्या आडोशानें जी दुसरी नजर पडत असे तीहि गेली. म्हणून पहिली नजर पूर्वींपेक्षां जास्त जाणती असावयास हवी.

ती जाणती नसली म्हणजे काय होतें, याला खेड्यापाड्यांत एक नांव पडलें आहे. तें नांव ‘झिरो तलाठी’. सरकारी कागदोपत्रीं या मनुष्याचें अस्तित्व नाहीं. तलाठ्यानें आपल्या सोयीसाठीं पदरचे पैसे देऊन, किंवा पैसे न देतांहि, जवळ बाळगलेला हा खाजगी मदतनीस. एकेका तलाठ्याकडे अनेक गांवें, वर निवडणुकीचीं कामें, पंचनामे, अनुदानाच्या याद्या; मदतीवांचून काम उरकत नाहीं ही तक्रार खोटी नव्हे. पण मदतनिसाला यंत्र चांगलें येतें आणि तलाठ्याला तें कंटाळवाणें वाटतें, असें जुळलें कीं डोंगल हळूहळू मदतनिसाच्या खिशांत जातो. गुप्त आंकडाहि त्यालाच ठाऊक. मग सही अधिकाऱ्याची, हात दुसऱ्याचा आणि जबाबदारी कोणाचीच नाहीं. लांचलुचपतीच्या खटल्यांतून असे खाजगी इसम तलाठ्याबरोबर पकडले गेल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत वारंवार येतात. पूर्वीं कोणी तलाठी आपली सही कोऱ्या कागदांवर करून गांवांत वांटीत सुटला असता तर लोकांनीं त्याला वेडा म्हटलें असतें. डोंगल दुसऱ्याच्या हातीं देणें ही तीच गोष्ट आहे. फक्त ती डोळ्यांना तशी दिसत नाहीं. प्रशिक्षणाच्या पहिल्या तासाला, इतर कांहीं सांगण्यापूर्वीं, हें एवढें तरी सांगितलें पाहिजे.

शेजारच्या कर्नाटकानें या बाबतींत दाखविलेली सावधगिरी नमूद करण्याजोगी आहे. तेथील ‘भूमि’ योजना २००० सालाच्या सुमारास सुरू झाली, तेव्हां तालुक्याच्या खिडकीवरील यंत्र खाजगी चालकांच्या हातीं न देतां तरुण ग्रामलेखापालांना शिकवून त्यांनाच तेथें बसविण्यांत आलें, व यंत्र उघडण्यास त्यांच्या बोटाचा ठसा आवश्यक केला. या योजनेवर पुढें टीकाहि झाली. सर्व कारभार तालुक्याला एकवटल्यानें गांवचा मनुष्य दुरावला असा तिचा सूर होता. टीकेंत तथ्य असेल. पण सहीचा अधिकार ज्याचा, यंत्राचें ज्ञानहि त्याच्याच अंगीं असावें, हें तत्त्व त्यांनीं आरंभींच ओळखलें.

उत्तम तलाठी कसा असावा हें एका वारसाच्या नोंदीवरून जितकें कळतें तितकें कोणत्याहि अभ्यासक्रमावरून कळत नाहीं. खातेदार वारला. मुलानें मृत्यूचा दाखला जोडून ‘ई-हक्क’ प्रणालींतून पुण्यांत बसल्या बसल्या अर्ज केला. अर्जांत वारस म्हणून विधवा आई व दोन मुलगे इतकींच नांवें आहेत. यंत्राला हें पुरेसें आहे. रकाने भरले आहेत, जोडपत्रें आहेत, कोठेंहि लाल खूण उमटत नाहीं. ज्याला केवळ यंत्र शिकविलें आहे तो तलाठी नोंद पुढें ढकलील, आणि त्याच्या नांवावर एक अर्ज वेळेंत निकालांत काढल्याची नोंद पडेल. ज्याला काम शिकविलें आहे तो एकच प्रश्न विचारील : मयताला मुली किती ?

मुली असतात. एक नगरला दिलेली, एक ठाण्याला. त्यांचीं नांवें कां घातलीं नाहींत म्हणावें तर, ‘त्यांना काय करावयाची जमीन’ किंवा ‘त्यांनीं हक्क सोडला आहे’ असें उत्तर येतें. मुलगी ही बापाची वारस असतेच. त्यांतून वडिलोपार्जित जमिनींत तिला मुलाबरोबरीचा जन्मसिद्ध हक्क २००५ च्या दुरुस्तीनें मिळालेला आहे. हक्क सोडला म्हणावयाचें तर नोंदलेलें हक्कसोडपत्र दाखवावें लागेल. तोंडचा शब्द चालत नाहीं. हें तलाठ्यानें शांतपणें, भांडण न उठवितां, त्या मुलाला व त्याच्या आईला समजावून सांगावयाचें असतें. सहा-क या वारसांच्या नमुन्यांत सर्व नांवें आलीं पाहिजेत, हितसंबंधी सर्वांना नोटीस गेली पाहिजे, चावडीवर प्रत लागली पाहिजे, हरकतीला कायद्यानें ठेविलेले पंधरा दिवस खरोखर मिळाले पाहिजेत. आणि हरकत आलीच तर ती गुंडाळून न ठेवतां तक्रारी नोंदींच्या वहींत गेली पाहिजे. ठाण्याच्या बहिणीला नोटीस तिच्या खऱ्या पत्त्यावर गेली कीं ‘पत्ता माहीत नाहीं’ या शेऱ्याखालीं दडली, यावर तिचें पुढचें आयुष्य पुष्कळ अवलंबून असतें. ही नोटीस नीट पाठविणें हें डिजिटल सेवेंतलें कौशल्य नव्हे असें कोणी म्हणेल, तर त्यानें डिजिटल शब्दाचा अर्थ फार अरुंद केला असें म्हणावें लागेल.

येथें एक अडचण सरकारनेंच नकळत निर्माण केली आहे. २०१५ सालीं लोकसेवा हक्काचा कायदा झाला आणि ठरलेल्या मुदतींत सेवा मिळणें हा नागरिकाचा हक्क ठरला. कायदा चांगला आहे. पण वरच्या कचेरींत दिसतात ते मुदतीचे आंकडे. कोणत्या तलाठ्याचे किती अर्ज प्रलंबित, याचा तक्ता रोज तयार होतो. मुलींविषयीं प्रश्न विचारणाऱ्याचा अर्ज चार दिवस जास्त रेंगाळतो व तक्त्यांत तो मागें पडलेला दिसतो. न विचारणारा पुढें असतो. तक्ता पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनाहि थोडें शिक्षण द्यावयास हरकत नाहीं.

पीकपाहणीचें उदाहरण यापेक्षां हलकें आहे. पूर्वीं तलाठ्यानें शेतोशेतीं हिंडून पिकें पाहावीं असा नियम होता, आणि चावडींत बसल्या बसल्या मागल्या वर्षाचेंच पीक पुढें ओढण्याची रूढि होती. नियम आणि रूढि यांचें सख्य कसें नांदतें याचा तो नमुनाच होता. आतां शेतकरी स्वतः छायाचित्र काढतो. ज्या म्हाताऱ्याजवळ तसला मोबाईल नाहीं, ज्या शिवारांत संदेश पोंचत नाहींत, तेथें हात द्यावयास माणूस लागतोच. आणि पिकाची नोंद राहिली तर विम्याच्या व नुकसानभरपाईच्या वेळीं शेतकरी अडतो. येथें तलाठ्याला लागतें तें शिकविण्याचें कौशल्य. गांवांतील चार मुलें, एखादा शिक्षक, बचत गटांतील एखादी बाई यांना त्यानें दोन संध्याकाळीं शिकविलें तर ऐन हंगामांत त्याचा दरवाजा इतका वाजणार नाहीं. ग्रामपंचायतींतील सेवा केंद्रांचीहि हीच कथा आहे. जन्म-मृत्यूचे दाखले देणारा संगणकचालक रजेवर गेला कीं गांवाचें जन्म-मरण थांबतें, कारण ग्रामसेवकानें तें यंत्र स्वतः कधीं उघडलेलेंच नसतें.

२०२४ सालीं राज्य सरकारनें तलाठ्याचें नांव बदलून ‘ग्राम महसूल अधिकारी’ असें केलें, व ग्रामसेवकाला ‘ग्रामपंचायत अधिकारी’ म्हटलें. लोक अजून तलाठीच म्हणतात, आणि पुष्कळ वर्षें म्हणतील. नांवाबरोबर शिकण्याची रीतहि बदलावयाची असेल तर तिचा आरंभ कोठून करावा हें सांगणें कठीण नाहीं. ज्यांनीं आपल्या हातानें कंस केले, वर्तुळांत फेरफाराचे क्रमांक लिहिले, ते तलाठी व मंडळ अधिकारी आतां एकामागून एक निवृत्त होत आहेत, कांहीं झालेहि. नव्या उमेदवाराला पहिल्या सहा महिन्यांत आठवड्याचा एक दिवस यांच्यापैकीं कोणाच्या तरी शेजारीं, तालुक्याच्या अभिलेख कक्षांत बसवावें. समोर त्याच्याच साझ्यांतील एका गांवच्या जुन्या वह्या असाव्या आणि शेजारीं त्याच गांवचे संगणकांतील सात-बारे. पहिल्या नोंदीपासून आजपर्यंत एकेका जमिनीचा माग त्यानें हातानें काढावा, जेथें दुवा तुटेल तेथें कां तुटला तें लिहून ठेवावें, आणि मिळालेल्या चुका कलम १५५ च्या प्रस्तावांसह तहसीलदारापुढें ठेवाव्या. त्याचें शिक्षण होईल व गांवाचें दप्तरहि स्वच्छ होईल.

या कामास नवें यंत्र लागत नाहीं. कांहीं जिल्ह्यांत तर जुन्या वह्यांच्या छायाप्रती संगणकावरच तयार आहेत. अडचण आहे ती मोडीची. जुन्या फेरफारांपैकीं पुष्कळसे त्या लिपींत आहेत, आणि तलाठ्यांच्या अभ्यासक्रमांत तिला आज स्थान नाहीं. निदान नांवें, आंकडे, नातीं आणि मापें एवढीं ओळखण्यापुरती मोडी दोन महिन्यांत येऊं शकते. इतिहास संशोधकांच्या संस्था असे वर्ग चालवीत आल्या आहेत. तालुक्यागणिक दोन नवे ग्राम महसूल अधिकारी जरी अशा वर्गांना पाठविले, तरी पिवळा कागद घेऊन आलेल्या माणसाला ‘हें आतां कोणाला वाचतां येत नाहीं’ असें सांगून परत पाठविण्याची पाळी त्या तालुक्यांत येणार नाहीं.